कोंडीरामने फाडलेलं निळं स्टिकर

कोंडीराम चिंचपोकळीच्या पुलाजवळ गाड्यांच्या काचा बसवतो. शेजारच्या गाळ्यात मी एकतीस वर्षं पत्रा ठोकला. त्याच्याइतका सावकाश काम करणारा कारागीर मी पाहिला नाही. त्याचं काम परत आलेलंही पाहिलं नाही.

पूर्वी टॅक्स भरल्याचं कागदी टोकन काचेवर लावावं लागे. काच फुटली की टोकन जाई आणि मालकाचे हेलपाटे सुरू होत. कोंडीराम ते टोकन फुटक्या काचेवरून अख्खं उतरवायचा. कोमट पाण्याचं फडकं ठेवायचं आणि पाऊण तास हात लावायचा नाही. मग दाढीच्या ब्लेडने एका कोपऱ्यातून सुरुवात. त्यासाठी वरळीहून टॅक्सीवाले यायचे. टोकनं गेली, पण ती घमेंड त्याच्या बोटांत राहिली.

गेल्या जूनमध्ये करी रोडचा राजरत्न शाळेची व्हॅन घेऊन आला. चेंडू लागून पुढची काच तडकली होती आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, आरटीओत फिटनेसची तपासणी होती. सोमवारी शाळा उघडणार. व्हॅन पास झाली नाही तर अकरा मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये बसणार, आणि एकदा गेलेलं मूल परत येत नाही.

काचेच्या आतून, डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात, नियमाप्रमाणे निळसर स्टिकर होतं. त्यावर गाडीचा नंबर असतो आणि रंगावरून इंधन कळतं. राजरत्नने बजावलं, "मामा, हे सोलू नका. चोरीच्या गाडीला लावता येऊ नये म्हणून ते निघताना फाटतं. नव्यासाठी अर्ज केलाय. तो कोपरा तसाच कापून द्या, आरटीओच्या साहेबांना दाखवतो."

"तुझ्या बापाच्या गाडीची टोकनं मीच काढलीत, राज्या. तू चहा पिऊन ये."

तो गेला. कोंडीरामने दीड तास घेतला. वरची पापुद्र्यासारखी फिल्म ब्लेडला चिकटून आली, नंबराचे तुकडे काचेवर राहिले.

कोंडीरामने ब्लेड भिंतीवर फेकलं. स्टिकर बनवणाऱ्यांना, नियम करणाऱ्यांना, चेंडू मारणाऱ्याला शिव्या दिल्या. मी म्हटलं, "कोंड्या, स्टिकरने त्याचं काम चोख केलं. चूक तुझी. तुला सांगितलं होतं." माझ्याशी तो तीन दिवस बोलला नाही. मीही बोललो नाही. एवढ्या वर्षांची दोस्ती असली तरी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन स्वतःची कला दाखवायची नसते.

चहा पिऊन परत आलेला राजरत्न ओरडला नाही, तेच कोंडीरामला जास्त लागलं. तेवढ्यात आरटीओची कामं करून देणारा विकास एजंट आला. म्हणाला, परळला असंच स्टिकर छापून मिळतं, कोण बघतो? राजरत्नने भाव विचारला. मोहात पडला होता, दिसत होतं.

कोंडीराम म्हणाला, "मी फाडलं ते मूर्खपणाने. तू खोटं चिकटवणार ते शहाणपणाने. ते नको. उद्या मी येतो साहेबांकडे."

रात्रीच त्याने नवी काच बसवली, शुक्रवारी फाटके तुकडे घेऊन राजरत्नबरोबर तपासणीला गेला आणि "हे माझ्या हातून झालं" असं स्वतः सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बुधवारची तारीख दिली.

सोमवार ते बुधवार कोंडीरामने सकाळी गाळा बंद ठेवला. दोघांनी मुलांना घरोघरी जाऊन घेतलं, पायी शाळेत नेलं, दुपारी पायी आणलं. लहान दोघींची दप्तरं कोंडीरामच्या खांद्यावर. त्याचं वय अडुसष्ट. दोन मुलं गेलीच. नऊ राहिली.

मंगळवारी संध्याकाळी नवं स्टिकर लावायला माणूस आला. कोंडीरामने धुतलेलं फडकं पुढे केलं. तो म्हणाला, गरज नाही, आणि काच बाहीने पुसली. दहा सेकंदांत स्टिकर लावलं. तिरकं, आणि मधोमध हवेचा फुगा.

कोंडीराम तोंड काचेजवळ नेऊन बघत राहिला. हात पाठीमागे घट्ट धरलेले.

राजरत्न म्हणाला, "चालेल, मामा. पास होईल."

"होईलच," कोंडीराम म्हणाला. "फडकं माझ्या हातात होतं रे. घ्यायला काय झालं होतं त्याला?"

व्हॅन बुधवारी पास झाली. ती पुलावरून जाताना दिसली की कोंडीराम अजून मान फिरवतो आणि दुसरीकडे थुंकतो.