चिकटलेले ठिपके
पेशी टिकवायच्या फॉर्मॅलिनचा वास आला की ती दुपार आठवते आणि अजूनही माझा जळफळाट होतो. पेशीच्या आत गुणसूत्रं कशी घड्या घालून बसतात, हे मी त्यांना रंगीत ठिपके लावून, मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी बघून शोधत होते. लॅबमधली नागपूरची मैत्रीण नव्या पद्धतीनं लाखो पेशींतला डीएनए एकदम कापून-जोडून कॉम्प्युटरवर कुठला भाग कशाजवळ आहे याचा अख्खा नकाशा काढायची. कॉन्फरन्सला लॅबमधून एकीलाच बोलायचं होतं आणि प्रोफेसरनी तिला निवडलं. वर ती माझ्याकडेच आली. "यार, नकाशात हे दोन भाग चिकटलेले दिसतायत. तू प्रत्यक्ष बघून सांग ना, नाहीतर स्टेजवर माझी धुलाई होईल." मी म्हटलं, "म्हणजे कौतुक नव्या पद्धतीचं आणि पुरावा जुनीनं द्यायचा?" "तुझ्या विद्यार्थी युनियनची पत्रकं नंतर वाट गं, आधी बघ." एका भागाला लाल, दुसऱ्याला हिरवा ठिपका लावला. मायक्रोस्कोपला डोळा लावून मी मनापासून म्हणत होते, लांब असू देत, मैलभर लांब असू देत. पण पेशीमागून पेशीत लाल ठिपका हिरव्याला खेटून बसलेला. मी खरं तेच सांगितलं आणि ती नाचतच गेली. आज विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी मी गळा फाडून बोलते, कुणाच्याही न्यायासाठी टाळ्या वाजवते. तिचा नकाशा पडद्यावर आला की मात्र माझे हात मांडीखालून निघत नाहीत.