हात लावायचा नाही

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी शिकवत असलेल्या घाटंजीजवळच्या शाळेत एक हवालदार गावकऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला आले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी सोबत आणलेले कागद शहरातल्या दंगलींचे, बेवारस बॅगांचे होते. ते त्यांनी घडी करून खिशात कोंबले. सारखी टोपी काढत आणि केसांवरून हात फिरवत.

"फवारनी करता करता मानूस पडला, तं काय करसान?"

"पोलीस येईस्तोवर हात लावत नाई," एक म्हातारी ठामपणे म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

"मीच शिकवलं होतं हे, एका तांड्यावर," हवालदार म्हणाले. "मी पोचलो तं मजूर मरून पडला होता, अन् लोक भवताली बसून. दोन तास श्वास चालू होता म्हने त्याचा. माह्या शब्दावर कोनी हात लावला नोता."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

ते वर्दीतच फरशीवर आडवे झाले. "पंचनामा मेलेल्याचा असते. मी जित्ता हाओ. उचला मले."

वर्दीला हात लावायला कोणी धजेना. शेवटी म्हातारीने पाय धरले, मी खांदे धरले.

"कुठी न्याचं, साहेब?" तिने विचारलं.

"दवाखान्यात," डोळे मिटूनच ते म्हणाले. "ठान्यात मंग या."