धुऱ्यातून जाणारी बस

माझी पहिली एसटी बस आकाशात गेली. लाल रंग बरोबर होता, कपाळावर भंडाऱ्याची पाटी होती, मागून काळा धूर सोडायची व्यवस्थाही मी केली होती. थांब्यावरून निघाली, गिअर पडला आणि नाक वर करून ढगात गेली, ती परत आलीच नाही. बसचं वजन लिहिताना शून्यांच्या बाबतीत मी हात आखडता घेतला होता. मागे आई तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "आपल्या रोडासाठी अशीच पायजे."

बी.एस्सी. झाल्यावर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी म्हणून बाबांनी कोणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर घरी आणला. अभ्यास सोडून बाकी सगळं त्यावर नीट चालायचं. बस चालवायचा एक गेम मी त्यात घातला. रस्ते परदेशातले, बस परदेशातली, प्रवासी न भांडता चढायचे. पण त्या गेमच्या फाइली उघडून आतलं सगळं बदलता येतं, त्याला मॉडिंग म्हणतात, हे कळलं आणि माझ्या अभ्यासाचे बारा वाजले.

शिकवायला कोणी नव्हतं. हिंदी व्हिडिओ होते. त्यातले भाऊ "बहुत आसान है" म्हणून सुरू करायचे आणि अवघड जागा आली की "ये तो आप समझ ही गए होंगे" म्हणून पुढे सटकायचे. मला काही समजलेलं नसायचं. एखादा कंस राहिला की कॉम्प्युटर इंग्रजीत खेकसायचा आणि चूक एका ओळीत असली तर बोट दुसरीकडे दाखवायचा. आमच्या वस्तीत अशी माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे मला सवय होती. मोडत गेले, जोडत गेले. प्रोग्रॅमिंग असंच शिकायचं असतं, असं मी आता शांतपणे सांगते. तेव्हा मी कीबोर्डवर मूठ आपटत असे आणि आई विचारायची, "पेपर कठीण हाये का वो?"

बस जमिनीवर राहायला लागली तेव्हा तिला जायला गाव पाहिजे झालं. मी आमचं जुनं गाव करायला घेतलं. ते गोसीखुर्दच्या धरणात गेलं तेव्हा मी तिसरीत होते. आता आम्ही पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो. इथले रस्ते पट्टीने आखलेले आहेत, घरांना नंबर आहेत, आणि पाहुणा तरीही चुकतो. जुन्या गावातलं मला फार आठवत नव्हतं, म्हणून आईला विचारलं की विहारापासून बोडी, म्हणजे आमचं छोटं तळं, किती दूर होतं. आई म्हणाली, "रिकामा गुंड घेऊन गेलं त जवळ, भरला घेऊन आलं त दूर." गुंड म्हणजे पाण्याची घागर, पण हे आकड्यात लिहायला मला बराच त्रास झाला.

बोडीत पाणी भरलं त्या दिवशी आणखी एक धडा मिळाला. त्या गेममध्ये पाण्याची उंची एकदा लिहिली की सगळीकडे तेवढंच पाणी भरतं. माझा आकडा चुकला. शाळा, विहार, आमचं घर, सगळं पाण्याखाली गेलं आणि एसटीचं टप तेवढं वर दिसत राहिलं. आई थोडा वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे त होऊन गेलं हाये. दुसरं काही कर."

पाणी उतरवून मी एक व्हिडिओ केला आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वाटलं, कौतुक होईल. झालंही, पण आधी तक्रारी आल्या. कोणाच्या घराला खिडकी कमी पडली होती, कोणाचा गोठा शेजाऱ्याच्या अंगणात गेला होता, एका काकूंना त्यांचं सीताफळ परत पाहिजे होतं. मी चिडचिड करत एकेक दुरुस्त केलं, आणि दुरुस्त करताना जे शिकले ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. तक्रारीसारखा मास्तर नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी मोठे बाबा आमच्या दारात उभे राहिले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे सख्खे मोठे भाऊ. ते नदीपलीकडच्या दुसऱ्या वस्तीत राहतात, आणि आम्ही इथे राहायला आल्यापासून त्यांनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. कारण होतं धुरा. आजोबांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, दोघांत वाटली गेली आणि मध्ये मातीचा धुरा, म्हणजे बांध, पडला. आमच्याकडे रोवणीच्या आधी धुरा फावड्याने छिलतात, म्हणजे कडेचं गवत जातं आणि बाजू नीट होते. आपल्या बाजूने छिलताना एखादं फावडं जरा आत मारलं की धुरा तेवढा पलीकडे सरकतो आणि आपली बांधी तेवढी मोठी होते. बाबा म्हणत, त्याने मारलं. मोठे बाबा म्हणत, याने. बोलणं बंद झालं. पुढे धरण भरलं आणि बांधी बुडाली, धुराही बुडाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा पीळ पाण्यात जाऊनही भिजला नाही.

बाबांना याचं किती दुःख होतं ते मी रोज बघत होते. लहानपणी बाबांना खांद्यावर बसवून मंडईला नेणारा हा भाऊ. मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, जवळ आली की बाबा दोन दिवस धड जेवत नसत. पण आपणहून जाऊन बोलावं, तर नाक कापलं जातं. भावाचा उल्लेख ते "तिकडचे" असा करत.

तर ते तिकडचे दारात उभे होते. चप्पल काढली नव्हती. मला म्हणाले, "काहून वो, तो धुरा कोनाले विचारून टाकला?"

व्हिडिओत आमच्या जुन्या शेतातला धुराही दिसत होता. तो मी बाबांना विचारून टाकला होता. बाबांनी आंब्याच्या झाडापासून सरळ रेघ सांगितली होती. हे मी सांगितलं.

"आंब्यापासून नाई, मोहाच्या झाडापासून. दाखव."

मी खुर्ची दिली. आईने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. बाबा उठून अंगणात गेले आणि धुतलेली सायकल पुन्हा धुवायला लागले. गेममध्ये पायी चालायची सोय नव्हती, त्यामुळे शेत बघायचं तर एसटीनेच जावं लागे. मोठ्या बाबांनी बस थांब्यावरून काढली, विहारासमोर उगाच हॉर्न दिला आणि प्रवाशांसकट सरळ बांधीत घातली. समोर धुरा होता. बस धुऱ्यातून आरपार गेली. धुरा जागेवर जसाच्या तसा, बस पलीकडे.

ही माझी चूक होती. वस्तू नुसती दिसून भागत नाही, ती अडवते असंही गेमला वेगळं लिहून सांगावं लागतं. मी ते लिहिलंच नव्हतं.

मोठे बाबा पहिल्यांदा जरासे हसले. "सांग तुया बापाले," ते मोठ्याने म्हणाले, "त्याचा धुरा असाच होता. दिसे, पन नव्हता."

अंगणातून आवाज आला, "सांग त्यायले, माया धुऱ्याले बैल अडकत होते."

"दुरुस्त कर," मला दोघांनीही सांगितलं.

पुढच्या बाजाराला ते पुन्हा आले. धुरा आता अडवत होता, पण हवेत गुडघाभर उंच तरंगत होता. त्यानंतरच्या बाजाराला तो जमिनीवर होता, पण बस धडकली की बस उलटी होऊन गोल फिरायची, आणि प्रवासी शांत बसून राहायचे. मला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, हा सगळ्यांचा फायदा होता, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी इरेला पेटले होते. दरम्यान मोठ्या बाबांनी पाणी घेतलं. मग चहा घेतला. बाबांची सायकल जिल्ह्यात सर्वांत स्वच्छ झाली, आणि एका बाजाराला ती धुवायची सोडून ते आत येऊन माझ्या मागे उभे राहिले. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, माझ्या डोक्यावरून कॉम्प्युटरशी बोलत होते. आंबा. मोह. आंबा. पण एकाच खोलीत.

शेवटी मला जमलं. धुरा जमिनीवर राहिला, बस अडली, उलटली नाही. शिवाय मी हुशारी केली. एक बटण दाबलं की धुरा आंब्याच्या रेघेवर जायचा, दुसरं दाबलं की मोहाच्या. अमुक असेल तर असं, नाहीतर तसं, ही अट लिहायला मी याच भांडणामुळे शिकले. भांडायला आता जागाच नव्हती. मला माझा फार अभिमान वाटला. सकाळी बाबा चहा पीत असताना त्यांना बोलावलं आणि दाखवलं.

बाबांनी एक बटण दाबलं. धुरा सरकला. दुसरं दाबलं. धुरा परत आला. असं ते बराच वेळ करत राहिले. चहा थंड झाला.

"तिकडच्यायले हे दाखवू नोको," ते म्हणाले.

"काहून?"

"समदं नीट झाल्यावर तो कायले येईल?"

हे ते माझ्याकडे न बघता बोलले. मला राग आला, कारण एवढं नीट काम मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. मी ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि पहिला, आरपार जाणारा धुरा परत लावला.

बाजाराच्या दिवशी मोठे बाबा आले, चप्पल काढून खुर्चीवर बसले, बस काढली, बांधीत घातली आणि धुऱ्यातून पलीकडे नेली.

"घ्या. पुन्हा पयल्यासारखाच झाला," ते म्हणाले. "एवढी शिकली, पन या पोरीले एक धुरा जमत नाई."

मी वाकून स्क्रीनवर चूक शोधायचं नाटक केलं.

"हो दादा," मागून बाबा म्हणाले. "तिले काहीच येत नाई."

बाबांच्या तोंडून दादा हा शब्द मी कळत्या वयात पहिल्यांदा ऐकला. मोठ्या बाबांनी ब्रेक दाबला. बस शेतात उभी होती, इंजिन चालू होतं. मग ते मान न वळवता म्हणाले, "जेवाले काय केलं हाये आज?"

आई आधीच उठली होती.