भाऊजींची फाईल

भाऊजी माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्याला भाऊजी म्हणते, तिचं ऐकून मी म्हणू लागलो आणि माझं ऐकून सगळं ऑफिस. आम्ही दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ करून प्रोग्रॅम लिहितो. मला इथे चिकटवलं त्यानेच, हे बायको मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, मनात अरे-तुरे. इथे मनातलं लिहितोय.

तर हा माणूस. बुटका, चष्मा दोरीला बांधलेला, वर्षभर तेच तीन शर्ट. त्याचा लॅपटॉप म्हणजे वीट. बिजागरीला चिकटपट्टी, एका बटणाचं टोपण उडालेलं, पंखा गिरणीसारखा घरघरणारा. पण त्यावर तो असा प्रोग्रॅम लिहायचा की लोकांनी मागून घेऊन वाचावा. माऊसला हात नाही. नुसती बोटं चालली की पडद्यावर खिडक्या उघडतात, मिटतात, ओळी जागेवर जाऊन बसतात. मी वळून बघायचो आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? जळायचो मी.

मला वाटायचं, फरक अवजाराचा असणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणा हवं तर. मी नवा लॅपटॉप शोधायला घेतला आणि चार महिने शोधला. पडदा किती इंची, वजन किती, बॅटरी किती तास, बटण दाबल्यावर किती खोल जातं. तेवीस मॉडेलांचा तक्ता केला.

"माझ्याशी लग्न करताना एवढी चौकशी केली नव्हतीस," बायको म्हणाली.

"म्हणून तर आता करतोय," मी म्हणालो, आणि त्या दिवशी चहा स्वतःच करून प्यायलो.

दरम्यान प्रोग्रॅम लिहायची साधनंही पालथी घातली. एक फार देखणं, रंगीबेरंगी. पण उघडायलाच इतका वेळ लावी की तोवर काय लिहायचं होतं ते मी विसरून जाई. एक निव्वळ काळंकुट्ट, त्यातून बाहेर कसं पडायचं ते न कळून शेवटी मी मशीनच बंद केलं. एक माझी ओळ अर्धी असतानाच ती पुरी करून दाखवायचं, आगाऊ पाहुण्यासारखं. एकही पंधरा दिवसांवर टिकलं नाही.

तेवढ्यात भाऊजींची वीट बंद पडली. तो जेवणाच्या सुट्टीत दुकानात गेला, दोन-तीन मशीनवर बोटं आपटून पाहिली आणि तासाभरात नवा लॅपटॉप घेऊन आला. कोणता? माझ्या तक्त्यातला पहिल्या नंबरचा! "हाताला बरा वाटला," म्हणाला. सगळी खोली त्याच्याभोवती गोळा. म्हणे, काय निवड आहे. पुढच्या आठवड्यात मी तोच घेतला, त्याच रंगाचा.

मशीन तेच झालं, पण माझी बोटं अडखळायची ती अडखळतच राहिली. मग उरली त्याची सेटिंग्ज. प्रोग्रॅमर वर्षानुवर्षं आपल्या मशीनला सवयी लावतो, कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं वगैरे, आणि ते सगळं एका छोट्या फाईलमध्ये राहतं. मागितली असती तर त्याने हसत दिली असती. तेच तर नको होतं. एका दुपारी तो लॅपटॉप उघडा टाकून जेवायला गेला. मी पेन ड्राइव्ह लावला, फाईल उचलली आणि माझ्या मशीनवर टाकली. आत काय आहे ते वाचलंसुद्धा नाही.

आणि खरंच हात चालू लागले. त्याच सुमाराला आमच्या मॅडमनी जाहीर केलं की नवी टीम निघणार आहे आणि तिचा प्रमुख आम्हा दोघांपैकी एक होईल. मला ते पद हवं होतं. आठ वर्षं त्याच्या पाठीमागे बसलो, एकदा तरी पुढे बसायचं होतं.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं. महिन्यातून तीन-चारदा एकाच वेळेला दोन पेशंट नोंदले जायचे, आणि का ते कुणालाच सापडत नव्हतं. तीन महिने मी तेच खोदलं आणि घोळ मुळापासून उपटला. आम्ही केलेला प्रत्येक बदल एका सामायिक यादीत आपोआप नावानिशी नोंदला जातो. ती यादी बघणं मी केव्हाच सोडलं होतं. वरपासून खालपर्यंत भाऊजींचं नाव बघून माझा दिवस नासायचा.

निवडीच्या मीटिंगला मॅडमनी ती मोठ्या पडद्यावर लावली. म्हणाल्या, "दुहेरी अपॉइंटमेंटचा घोळ भाऊजींनी काढला. तेव्हा नव्या टीमचं काम..."

मी ताडकन उठलो. "चोरी आहे ही! काम माझं आहे, यांनी स्वतःच्या नावावर खपवलंय. नात्यातले म्हणून मी गप्प बसायचं का?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

भाऊजी गोंधळून पडद्याकडे बघत होता. "मॅडम, हे माझं नाहीच," तो म्हणाला. "पण नाव माझं कसं?"

आमची टेस्टर, जिचं कामच दुसऱ्याच्या चुका शोधणं, तिने माझा लॅपटॉप ओढला, पडद्याला जोडला आणि सेटिंग्जची फाईल उघडली. पहिल्या ओळीत भाऊजींचं नाव. दुसरीत त्याचा ईमेल. तिसरीत त्याने स्वतःसाठी लिहिलेली टीप: 'आधी चष्मा पुसणे.' तीन महिने माझं मशीन माझ्या प्रत्येक बदलाला इमानेइतबारे तेच नाव चिकटवत होतं.

"भाऊजींची फाईल तुमच्याकडे कशी आली?" टेस्टरने विचारलं.

मी पडद्यावरची ती चष्म्याची टीप पुन्हा वाचू लागलो.

"मी दिली," भाऊजी म्हणाला. "नाव बदलून घ्या हे सांगायचं राहिलं. चूक माझी, मॅडम. काम साडूंचंच आहे. मला तो घोळ दोन वर्षं सापडला नव्हता."

मॅडम त्यालाच रागावल्या. एवढा अनुभव आणि असा निष्काळजीपणा, म्हणाल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यांनी पद मला दिलं. टाळ्या झाल्या, पहिली त्याची.

आता बोलायला हवं होतं. फाईल मी चोरली, एवढं एकच वाक्य. टेस्टर माझ्यावरची नजर काढत नव्हती. पण पद हातात आलं होतं आणि ते सोडवेना. मी म्हणालो, "भाऊजी, पुढच्या वेळी जरा लक्ष ठेवत जा."

"हो साडू," तो म्हणाला आणि हसला. आठ वर्षं मी त्याच्यावर जळत होतो, पण त्या घटकेइतका हेवा मला त्याचा कधीच वाटला नव्हता.