एका खात्याचं एक मत

सातपूरच्या कारखान्यात मी कॉइल गुंडाळायच्या खात्यात लागले, तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. खात्यात सगळ्या बायकाच, आणि कारखान्यातलं सर्वांत मोठं खातंही आमचंच. युनियनचा अध्यक्ष मात्र कामगार निवडत नसत. प्रत्येक खात्याचा एक प्रतिनिधी असे आणि ते प्रतिनिधी अध्यक्ष ठरवत. स्टोअरमधल्या चार माणसांचं एक मत, आमच्या अख्ख्या शेडचंही एकच.

आमच्यातल्या एकीला सातवा महिना लागला होता. मोठ्या मशीनवर उभं राहून तिचे पाय सुजत. तिला बसून करायचं काम द्यावं म्हणून आम्ही अध्यक्षांना पुन्हा पुन्हा भेटलो. बघतो, म्हणायचे. एका दुपारी ती मशीनपाशीच कोसळली. मूल गेलं.

पुढच्या निवडणुकीला आमच्याच खात्यातली अक्का अध्यक्षपदासाठी उभी राहिली. बौद्ध वस्तीतली विधवा, आम्हा सगळ्यांत वडील. जेवणाच्या सुट्टीत ती खात्याखात्यांतून फिरली. पत्रा कापायच्या प्रेस शॉपमधली बरीच माणसंही तिच्या बाजूने झाली. पण छोट्या खात्यांचे प्रतिनिधी अध्यक्षांच्या मुठीत होते. अक्का पडली. कारखान्यात तिच्या बाजूची माणसं जास्त होती, हे जिंकलेल्यांनाही ठाऊक होतं.

मग आम्ही मागणी लावून धरली, की प्रत्येक कामगाराने मत द्यायचं. गेटवरच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, म्हणजे युनियन बायकांच्या हातात द्यायची. अक्काने उभं राहून एवढंच विचारलं, "जिचं मूल गेलं, तिचं मत तुम्ही किती धरलं?"

नियम तेव्हा बदलला नाही. तो बदलला पुढे पगारवाढीसाठी झालेल्या संपाच्या वेळी, आमच्याशिवाय गेट अडवता येईना तेव्हा. पुढच्या निवडणुकीत कॅन्टीनमध्ये पेटी ठेवली आणि अक्का निवडून आली. पोटुशा बायकांना बसून काम, हे तिने करारात घालून घेतलं. जिच्यामुळे हे सुरू झालं ती तोवर नोकरी सोडून नवऱ्यामागे मनमाडला गेली होती.

दोनेक वर्षांनी कंपनीने कॉइलचं काम बाहेर ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. आमची शेड बंद होणार होती. संप करावा, असं अक्काचं म्हणणं. तिने सगळ्यांचं मत घेतलं. ज्यांच्या नोकऱ्या शाबूत राहणार होत्या, त्यांनी विरोधात मत टाकलं. प्रेस शॉपनेसुद्धा. मोजणीत कुठेही लबाडी झाली नाही. निकाल अक्कानेच वाचून दाखवला.

बस स्टॉपकडे जाताना मी तिला म्हटलं, जुनी पद्धत बरी होती म्हणायची. निदान दोष द्यायला कोणीतरी होतं.

ती म्हणाली, "नाय गं. माणसं मोजली, ते बरोबरच केलं. माणसंच आपली नव्हती."

बस आली. आत जागा होती, तरी आम्ही दोघी उभ्याच राहिलो.