पाद्रीसाहेबांची सोबत

एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि हातात चहाची बशी. आमचे पाद्रीसाहेब चहा असाच प्यायचे. "बसा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसत नाही बाई, पुढं जायचंय." पुढं म्हणजे कुठं, हे मी कधी विचारलं नाही. माणसं पुढं जातातच, एवढीच माझी त्या वयातली अक्कल.

तुम्ही चर्चमधले पाद्री पाहिले असतील. हे पलटणीतले. अंगात खाकी, पायात लष्करी बूट, खिशात छोटंसं बायबल. आमचे हे त्याच पलटणीत हवालदार होते. पाद्रीसाहेब सुट्टीवर नगरकडे आपल्या गावी निघाले की वाटेत ख्रिस्ती जवानांच्या घरी उतरत उतरत जायचे. खालापूरला कचेरीच्या मागे आमचं घर, तिथंही उतरायचे. ह्यांची खुशाली सांगायचे, प्रार्थना करायचे आणि निघायचे.

मी तेव्हा विशीतली. काही कळत नसताना सगळं कळल्याचा चेहरा करायची कला मला उत्तम साधली होती. एकदा हे रजेवर आले तेव्हा म्हणाले, "पाद्रीसाहेब येतात ना, त्यांच्याकडून नुसत्या प्रार्थना करून घेऊ नकोस. त्यांच्याकडेही बघ जरा."

"बघ म्हणजे?"

"आम्ही बघतो तसं."

मग ह्यांनी सांगितलं. पलटणीत आपले लोक मूठभर. रविवारी उपासना झाली की ते पाद्रीसाहेबांना मध्ये स्टुलावर बसवायचे आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे. कुणी मराठीत, कुणी तमिळमध्ये, कुणी पंजाबीत. पाद्रीसाहेबांना निम्मं कळायचं नाही, पण ते लहान मुलासारखे डोळे मिटून बसायचे. आणि दुसरं म्हणजे, कुणाच्या घरून वाईट तार आली तर ती सांगायला त्यांना एकटं जाऊ द्यायचं नाही. एकानं बरोबर जायचं. बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं.

"मग त्याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"ते आम्हालाही नीटसं ठाऊक नाही," हे म्हणाले आणि दाढी करायला बसले.

मला काहीच उमगलं नाही. पाद्रीकडे बघायचं म्हणजे त्याला भरपूर काम द्यायचं, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला. पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर सासूबाईंचे गुडघे मांडले, पोराचा खोकला मांडला आणि शेवटी शेजारणीची आटलेली म्हैसही मांडली. "म्हशीचं नाव काय?" त्यांनी गंभीरपणे विचारलं, आणि नाव घेऊन प्रार्थना केली. मला वाटलं, काय छान बघते मी पाद्रीसाहेबांकडे.

लढाई होऊन गेल्यावरची गोष्ट. पाद्रीसाहेब सकाळीच आले. वाळले होते. चहा झाला, "पुढं जायचंय" म्हणून झालं. नाक्यावर एसटी आली आणि गेली. पाद्रीसाहेब तिथंच. मग दुसरी आली, तीही गेली.

"साहेब, गाडी गेली," मी म्हटलं.

"हो का?"

"त्याच्या आधीचीही गेली."

"बसत नाही बाई, पुढं जायचंय," ते म्हणाले आणि पायरीवर चक्क बसले.

मी गोंधळून उभी. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, त्यांना इचार की, पुढं कोन हाय?"

तेव्हा कुठं मी विचारलं.

पुढं खोपोलीच्या शिळफाट्याला एक बाई होती. दवाखान्यात आयाचं काम करायची. नवरा नव्हता, एकच मुलगा, तो ह्यांच्याच पलटणीत होता आणि लढाईत गेला. तार तिला तेव्हाच पोचली होती. "पण ती विचारेल, शेवटी जवळ कोण होतं," पाद्रीसाहेब खाली बघत म्हणाले. "त्यानं मला बोलावलं होतं. मी बाजूच्या तंबूत दुसऱ्याजवळ होतो. आलो तोवर संपलं होतं. गेल्या सुट्टीतही मी तिच्याकडे उतरलो नाही. गाडी शिळफाट्याला थांबली की डोळे मिटून घेतो."

"मग सांगा की होतो म्हणून," मी म्हटलं. "तिला कुठं कळणार?"

ते माझ्याकडे बघून हसले. "बाई, तुम्ही पाद्री नाही झालात ते बरं झालं." मला ते कौतुकच वाटलं.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "एकटं नका जाऊ. ही येईल तुमच्या संगं."

"मी?"

"तूच. तोंड मिटून. पोराला मी बघते."

तोंड मिटून म्हणे. खोपोलीपर्यंत मी अखंड बोलत होते. म्हैस परत दूध देऊ लागली, हेसुद्धा सांगितलं. पाद्रीसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

बाजारामागच्या एका खोलीत ती बाई तांदूळ निवडत बसली होती. बूट बघूनच तिनं ओळखलं. चटई सरकवली. रडली नाही. सूप मांडीवर तसंच ठेवून तिनं विचारलं, "पाद्रीबाबा, माजा पोर गेला तवा तुमी व्हता ना जवळ?"

'होते' हा शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आला होता. तेवढ्यात पाद्रीसाहेबांचा हात खिशातल्या बायबलाकडे गेला. मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद धरला. का धरला ते मला विचारू नका.

"नव्हतो," ते म्हणाले. "बाजूच्या तंबूत होतो. उशीर झाला मला."

आता ही आम्हाला हाकलणार, अशी माझी खात्री झाली.

"बाजूला कोन व्हता?"

"दुसरा एक मुलगा."

"जगला का त्यो?"

"जगला."

तिनं सुपातला खडा उचलून दाराबाहेर टाकला. "मंग बसा. भात टाकते. माज्या पोराचं सगलं सांगा, कसा जेवायचा, कसा ऱ्हायचा. मला घाई नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा गं पोरी, घरी वाट बघत असतील. यांना मी गाडीत बसवून देईन."

मला कुणी भाताचं विचारलंदेखील नाही. उपाशीपोटी परत येताना गाडीत विचार करत होते की मी नक्की केलं काय. अजूनही सांगता येत नाही.

त्यानंतर पाद्रीसाहेब आमच्याकडे उतरेनासे झाले. सुट्टी लागली की थेट शिळफाटा. आमच्या नाक्यावरून जाताना खिडकीतून हात करायचे. मी फुगायचे. "तुला कशाला पायजे त्यो?" सासूबाई म्हणायच्या. "म्हैस तर बरी हाय."

पुढं हे पेन्शनीत आले, पाद्रीसाहेबही निवृत्त झाले. मग एकदा पावसाळ्याच्या तोंडी शिळफाट्याला बाजाराला गेले होते, तर ती तांदूळ निवडणारी मावशी हातात बोचकं घेऊन पुण्याच्या गाडीशी उभी.

"कुठं निघालात मावशी?"

"नगरला. पाद्रीबाबा आजारी हायेत. घरात दुसरं मानूस नाय."

"मीही येऊ का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू लई बोलतेस गं," म्हणाली आणि गाडीत चढली.

ती परत आली, तेव्हा पाऊस संपून भात कापणीला आला होता. मी तिच्या खोलीवर गेले. विचारायचं सगळं वाटेत जुळवून ठेवलं होतं. तिनं चटई सरकवली. कोनाड्यात पाद्रीसाहेबांचं छोटंसं बायबल ठेवलेलं होतं. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले, आणि काहीच विचारलं नाही. बाजारातली दुकानं एकेक बंद होत गेली. बराच वेळ गेल्यावर ती दिवा लावायला उठली.