थंड इंजिनाच्या चढत्या काट्याबाबत खुलासा मिळणेबाबत

अर्जदार : मी स्वतः, वय बावन्न, व्यवसाय कोर्टाबाहेर अर्ज लिहिणे, राहणार कतारगाम, सुरत, मूळ गाव धुळे जिल्ह्यात.
साक्षीदार पहिले : सलीमभाई, मोटार मेकॅनिक.
साक्षीदार दुसऱ्या : सौ. मंदा, अर्जदाराची पत्नी. तूर्त दवाखान्यात दाखल.

भानामतीच्या कित्येक तक्रारी मी लोकांना लिहून दिल्या; एकीवरही विश्वास ठेवला नाही, हे प्रथम नमूद करतो.

या श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी आम्ही उभयता आमच्या जुन्या मोटारीने गावी निघालो. रोटांना घरची थोरली सून, म्हणजे मंदा, हजर हवीच, असा आमच्या कुळाचा नियम. सुरतेबाहेर चलथाणजवळ तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि ब्रेक आपोआप आवळले. चाके जाम. बॉनेट उघडले तर वाफ नाही... सलीमभाईंना फोन करून बोलावले. त्यांनी रेडिएटरवर तळहात ठेवला.

"वकीलसाब, ये तो मटके जैसा ठंडा है."

"मग काटा खोटं सांगतो?"

"आप उसको एक नोटीस भेज दो."

त्यांनी सेन्सर बदलला, ब्रेकमधील हवा काढली. आम्ही दोघे पुरुष एक फेरी मारून आलो, गाडी उत्तम. मंदा बसताच काटा लाल, चाके जाम. ती उतरली, काटा उतरला. पुन्हा बसवली, पुन्हा चढला. सलीमभाईंची थट्टा तिथेच थांबली. तिला उतरवण्यास हात दिला तर ते म्हणाले, "भाभी तो तप रही है."

मंदा म्हणाली, "माले काय बी व्हयनं नही. रोट व्हऊ द्या, मंग दवाखानामा लई जा."

तिला खाली ठेवूनच गाडी सुरतेकडे वळवली; आता ती बसली तरी ब्रेक मोकळेच राहिले. काटा मात्र दवाखान्यापर्यंत लालवरच. डॉक्टर म्हणाले, रक्तात संसर्ग आहे. काही दिवस अतिदक्षता विभागात ठेवले.

आज सकाळी सिस्टरांनी सांगितले, ताप उतरला, संध्याकाळी घरी न्या. मी खाली येऊन पाहिले. किल्ली माझ्या खिशात, गाडी बंद, आणि काटा लाल रेघेवर. सलीमभाईंनी येऊन बॅटरीची वायर काढली. काटा हलला नाही. मी वर धावलो, पुन्हा तपासणी करा म्हणून डॉक्टरांना हात जोडले.

"काका, गाडी गॅरेजमां बतावो. मासीने अमे जोईए छीए." मावशींना आम्ही बघतो, असे डॉक्टर म्हणाले.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी योग्य कार्यालय सांगतो. हा अर्ज कोणाच्या नावे करावा, ते मला उमगत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राला पाठवतो... मंदा वर साडी बदलून बसली आहे, मला बोलावत आहे. सलीमभाई नजर चुकवतात.

सबब, निर्जीव काट्याच्या साक्षीवर पत्नीस घरी नेणे थांबवावे किंवा कसे, याबाबत आपल्या सदराच्या जाणकार वाचकांनी संध्याकाळपूर्वी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.

अर्जदार